कंबरेला रुमाल बांधला, पण गुरुपण सोडलं नाही

प्रश्न असा आहे: "नुकतीच आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर सेक्रेटरी म्हणून माझी निवड झाली. जो सगळ्यांचा सेवक तो खरा मोठा, हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण मला पुढारपण आवडतं, काहीतरी करून दाखवायची हौस आहे. ही महत्त्वाकांक्षा पाप आहे का? आणि नम्र राहायचं म्हणजे प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं का? आत्ताच लोक मला गृहीत धरायला लागलेत."

नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. आता निवृत्त आहे. कमिटीच्या निवडणुका, त्यातले गट, उपासनेनंतर झाडाखाली चालणारी दुसरी सभा, हे सगळं जवळून पाहिलंय. त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, पाप नाही. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूच्या चरित्राचा, दहावा अध्याय काढा. येशू यरुशलेमच्या वाटेवर आहे. आपल्याला धरून देतील, फटके मारतील, जिवे मारतील, हे त्यानं आपल्या बारा शिष्यांना तिसऱ्यांदा सांगून झालंय. आणि नेमकं त्यानंतर जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान पुढे होतात: तुझ्या वैभवात आम्हा एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. मत्तयाच्या शुभवर्तमानात ही मागणी त्यांची आई करते. मुलांसाठी शब्द टाकणारी अशी आई आपल्या कुठल्याही मंडळीत सापडेल. बाकीचे दहा जण हे ऐकून चिडतात. ते काही फार नम्र होते म्हणून चिडले, असं मला वाटत नाही. एकच अध्याय मागे जा. कफर्णहूमच्या वाटेवर 'आपल्यात मोठा कोण' यावरून हेच बारा जण भांडत होते, आणि येशूनं विचारल्यावर सगळे गप्प झाले होते.

आता येशू या दोघांना काय म्हणाला ते नीट वाचा. 'मोठं व्हायची इच्छा धरू नका' हे वाक्य तिथे नाही. जगातले अधिकारी लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, एवढं सांगून तो म्हणतो की ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं, आणि ज्याला पहिलं यायचंय त्यानं सगळ्यांचा दास व्हावं. इच्छा त्यानं राहू दिली, रस्ता बदलून दिला. त्या उजव्या-डाव्या जागांचं पुढे काय झालं, हेही मार्क सांगतो. पंधराव्या अध्यायात येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन लुटारू वधस्तंभावर खिळले आहेत. ज्या जागा मागितल्या त्या अशा निघाल्या. 'तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही' असं त्यानं दोघांना सांगितलं होतं, ते का, ते तिथे कळतं.

मराठी माणसाला या ठिकाणी तुकोबांचं 'लहानपण देगा देवा' आठवणारच, आणि आठवावं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो मंडळीत फारसा कोणी सांगत नाही. त्या अभंगात ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, महापुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात. म्हणून लहानपण बरं. ख्रिस्ती शिकवणीत लहान होणारा वाचत नाही. येशू वाकला, शिष्यांचे पाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी मेला. म्हणून नम्रपणानं आयुष्य सोपं होईल, लोक आपोआप मान देतील, अशा हिशेबानं कोणी नम्र होत असेल तर त्यानं आधीच थांबावं. तसा करार कुठेच लिहिलेला नाही.

पाय धुण्याचा प्रसंग योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे. पवित्र आठवड्यात गुरुवारी तो वाचला जातो आणि वर्षानुवर्षं ऐकून आपल्याला पाठ झालेला असतो. पाठ झालेल्या मजकुराचा एक तोटा असतो, त्यातली अवघड वाक्यं डोळ्यांना दिसेनाशी होतात. तिसरं वचन तसं आहे. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे ओळखून येशू जेवणावरून उठला. म्हणजे आपण कोण आहोत याची पुरती खात्री असलेला माणूस उठतो, अंगावरची वस्त्रं काढून ठेवतो, कंबरेला रुमाल बांधतो आणि घरातल्या अगदी खालच्या नोकराचं काम करायला बसतो. 'मी काय, कुणीच नाही' हा सूर या गोष्टीत कुठेही नाही. आणि काम झाल्यावर तो पुन्हा वस्त्रं घालून आपल्या जागी बसतो आणि म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच म्हणता. पाय धुतले म्हणून त्यानं राजीनामा दिला नाही.

तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट ही: सेक्रेटरीपद सोडणं, सभेत मागे बसणं, 'मी नालायक आहे हो' म्हणत राहणं, यांपैकी कशालाही शुभवर्तमान नम्रता म्हणत नाही. 'मी नालायक' हे पालुपद तर बहुतेक वेळा समोरच्यानं 'छे छे, असं कसं' म्हणावं म्हणून लावलेलं असतं. ज्याची पत्रं नव्या करारात आहेत त्या प्रेषित पौलानं रोमकरांस पत्रात साधं माप दिलंय. स्वतःला जेवढं समजायला हवं त्याहून मोठं समजू नये. कमी समजावं असं तो म्हणत नाही. हिशेब चांगला जमत असेल तर जमतो म्हणा आणि मंडळीचा हिशेब नीट ठेवा.

पाय धुण्याच्या त्याच प्रसंगात पेत्र हा शिष्यही आहे. 'माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत' असं तो ठणकावून सांगतो. वरवर पाहता केवढी ही नम्रता! येशू मात्र ती मान्य करत नाही. मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, म्हणतो. मंडळीत सगळ्यांसाठी राबणाऱ्यांचा हा खास आजार आहे. दुसऱ्याच्या घरचं दुखणं काढतील, लग्नात भांडी घासतील, पण स्वतः आजारी पडले की कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत. देणाऱ्याच्या जागेवर कायम बसायचं, घेणाऱ्याच्या जागेवर कधीच नाही, हीसुद्धा एक उंच खुर्चीच आहे. घोटभर चहा, उसनवारी, मदतीचा हात आपणही कधीतरी घ्यावा, म्हणजे घेणाऱ्याला कसं वाटतं ते विसरायला होत नाही. आणखी एक: त्या रात्री पाय धुतले तेव्हा येशूला धरून देणारा यहूदा अजून खोलीतच होता. तो नंतर बाहेर गेला. यावर मी फार बोलत नाही, कारण मला ते आजही पेलत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

नम्रतेचा उपदेश कोण कोणाला करतो, हे आधी पाहावं. आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधली बहुतेक घराणी कुठून आली हे आपल्याला माहीत आहे. गावाबाहेर राहणं, जोहार घालणं, सावली सांभाळून चालणं, हे ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नशिबी होतं त्यांना वाकायचं कसं ते शिकवायची गरज नव्हती. त्यांच्यापुढे कोणी वरच्या जागेवर उभं राहून 'नम्र व्हा, सोसा' म्हणत असेल, मग तो गोरा मिशनरी असो, की धर्मांतरानंतरही आडनाव सांगून बसणारा आपल्यातलाच कोणी, तर तो शुभवर्तमान उलटं वाचतो आहे. लूकाच्या पहिल्या अध्यायात मरिया जे गीत गाते त्यात देव सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढतो आणि दीनांना उंच करतो. दोन्ही हालचाली एकाच वाक्यात आहेत. त्याच लूकाच्या तेराव्या अध्यायात 18 वर्षं कमरेत वाकलेली एक बाई आहे, जिला सरळ उभं राहताच येत नव्हतं. येशू तिला बोलावून घेतो, तिच्यावर हात ठेवतो आणि ती सरळ होते. सभास्थानाचा अधिकारी चिडतो, कारण दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहुद्यांच्या सक्तीच्या विश्रांतीचा. जो येशू शिष्यांपुढे स्वतः वाकतो, तोच वाकवल्या गेलेल्या बाईला ताठ उभी करतो. हे दोन प्रसंग मी उपदेशात नेहमी जोडीनं घेतले. एकटा पाय धुण्याचा प्रसंग घेतला की तो भलत्याच लोकांच्या कामाला येतो.

आणि गृहीत धरलं जाण्याबद्दल विचारलंत, तर फिलिप्पै शहराकडे या. हे शहर रोमची वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं, त्यामुळे हुद्दा, नागरिकत्व, पदांची उतरंड यांचा तिथे फार तोरा. याच शहरातल्या मंडळीला पौलानं ते प्रसिद्ध वचन लिहिलं: ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्यानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, आणि मरण, तेही वधस्तंभावरचं मरण सोसलं. वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. हुद्द्यांची शिडी चढणाऱ्या गावाला पौल अशा प्रभूची गोष्ट सांगतो जो ती शिडी शेवटच्या पायरीपर्यंत उतरला. एवढं उदात्त लिहिण्यामागचं एक निमित्त चौथ्या अध्यायात दिसतं: युवदीया आणि सुंतुखे या दोन कार्यकर्त्या बायकांचं जमत नव्हतं. मला हे फार दिलासा देणारं वाटतं. नम्रतेवरचा नव्या करारातला सर्वांत खोल मजकूर अशा मंडळीला लिहिलाय जिथे दोन जणींचं बिनसलं होतं.

पण याच फिलिप्पैत पौलाबरोबर आधी काय घडलं होतं, ते प्रेषितांच्या कृत्यांत सोळाव्या अध्यायात आहे. त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशी न करता चारचौघांत छड्या मारल्या, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी निरोप आला की सोडून द्या, गुपचूप जाऊ देत. पौल जायला तयार होत नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हाला उघड मारलंत आणि आता चोरून घालवता? ज्यांनी मारलं त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकाऱ्यांना यावं लागलं, विनवण्या कराव्या लागल्या. 'दासाचं रूप घेतलं' असं लिहिणारा माणूस तो हाच. येशूलाही प्रमुख याजकापुढे शिपायानं चपराक मारली तेव्हा त्यानं विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? उलट मारलं नाही, पण गप्पही बसला नाही. घरात नवरा हात उचलतो, कोणी मंडळीचे पैसे खातो, एखादा पुढारी तरुण मुलींशी नीट वागत नाही, अशा ठिकाणी 'ख्रिस्ती माणसानं सोसावं' म्हणून तोंड बंद करवणं हे मला नेहमीच पापाला आडोसा देणं वाटलं. तुम्ही सेक्रेटरी आहात, असा आडोसा तुमच्या सहीनं उभा राहू देऊ नका.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. लोक त्यांचं नाव घेतात आणि पुढे सरकतात, पण या विषयात थांबून पाहावं असं त्यांच्यात बरंच आहे. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली ही बाई. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. लगेचच तिथल्या मठातल्या भगिनींशी आणि चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे खटके उडायला लागले, कारण काय मानायचं ते दुसऱ्यानं ठरवून द्यावं हे त्यांना मान्य नव्हतं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले, आता तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. त्या काळच्या पुष्कळांना हा उद्धटपणा वाटला.

तीच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकून दिलेल्या मुली गोळा करून पुण्याजवळच्या केडगावला आणते. पुढे 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही मुक्तीमध्ये, म्हणजे रमाबाईंच्या तिथल्या आश्रमात, आल्या. त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झालीच, पण विणकाम, छपाई, छपाईचे खिळे जुळवणं अशी पोट भरण्याची कामंही त्या शिकल्या. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई बायबलाच्या भाषांतराला बसल्या. संस्कृत जिच्या जिभेवर होतं तिनं ठरवलं की भाषा कमी शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळेल अशीच हवी. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. 1922 मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं केलं होतं, आणि छपाईत मुक्तीतल्या बायकांचे हात होते. जी विद्या मिरवून मोठं होता आलं असतं, ती त्यांनी ज्यांना ती कधी मिळाली नसती त्यांच्या पातळीवर आणून ठेवली. वरिष्ठांपुढे न झुकणं आणि दुष्काळातल्या पोरीपुढे बसून अक्षर शिकवणं, या दोन गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या. पुष्कळांचं उलटं असतं. बिशपसाहेब आले की कमरेत वाकतात आणि चर्च झाडणाऱ्या बाईशी अरेतुरे करतात. नम्रता ओळखायची असेल तर माणूस खालच्याशी कसा बोलतो ते पाहावं. वरच्यांशी सगळेच नीट बोलतात.

विधींबद्दल थोडक्यात. पवित्र गुरुवारी पाय धुतले जातात तेव्हा आपल्याकडे बारा जण घरून पाय स्वच्छ धुऊन, नवे मोजे घालून येतात, आणि त्या बारांत नाव यावं म्हणून आठवडाभर आधी चढाओढ चालते. हसू नका, माणसं अशीच असतात. बारा शिष्यांचंही त्याच रात्री मोठेपणावरून वाजलं होतं, हे लूक सांगतो. 2013 साली पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर काही दिवसांतच रोममधल्या एका बालगुन्हेगार कोठडीत गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. मोठी चर्चा झाली, टीकाही झाली. ज्यांचे पाय धुऊन आपल्याला काहीही परत मिळणार नाही असे बारा शोधावेत, एवढं त्यातून घ्यावं. पण मला विधीपेक्षा पाळी जास्त भरवशाची वाटते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले, त्यात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याप्रमाणे लावलेली आहे. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला सोडला तर कोणालाच सूट नाही. आणि आठवडा संपताना ज्याची पाळी सरली तो आणि ज्याची सुरू होणार तो, असे दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुतात. म्हणजे वर्षातून एकदा फोटोपुरतं नव्हे, दर आठवड्याला, भांड्यांच्या राखेसकट.

तुम्ही आता सेक्रेटरी आहात, तर हेच करा. चर्च झाडायची, सतरंज्या अंथरायची, प्रीतिभोजनाला वाढायची यादी लावा आणि तिच्यात कमिटीच्या सगळ्यांची नावं घाला, पाळकांचंही. पाळकांनी कुरकुर केली तर माझं नाव सांगा. वार्षिक सभेत हिशेब मोठ्यानं वाचा आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'विश्वास नाही का' असं म्हणू नका. त्याला विचारायचा हक्क आहे आणि तुम्ही नोकर आहात, ही त्या घटकेची नम्रता. पंख्याच्या पातीवर देणाऱ्याचं नाव रंगवायची आपली जी चाल आहे ती बंद करता आली तर बघा. मला जमलं नाही, पंखे फिरायला लागले की नावं वाचता येत नाहीत यावरच समाधान मानलं. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवायचाच असेल तर पहिली शाल स्मशानात खड्डा खणणाऱ्याला द्या. कोणी नाराज होईल, होऊ दे.

गृहीत धरतात त्यांना 'आज जमणार नाही' असं सांगायला शिका. येशूनंही लोक शोधत असताना एकांतात जाऊन प्रार्थना केली आणि 'सगळे तुला शोधताहेत' असा निरोप आला तेव्हा 'आपण दुसऱ्या गावांना जाऊ' म्हणाला. मागेल त्याला मागेल ते देणं ही सेवा नव्हे. बऱ्याचदा ती आपल्याला नकार देता येत नाही म्हणून होते आणि मग घरी जाऊन बायकोवर चिडचिड निघते. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तेव्हा बारा प्रेषितांनी सगळं स्वतः अंगावर घेतलं नाही. सात माणसं निवडून त्यांच्याकडे काम सोपवलं. त्या सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं नेमली गेली. तक्रार करणाऱ्यांच्या हाती कोठार देणं, यापेक्षा मोठेपणाचं काम कमिटीला क्वचितच करता येतं.

शेवटचं. मदत करायला जाताना आधी विचारा. मार्काच्या त्याच दहाव्या अध्यायात, याकोब-योहानाच्या गोष्टीला लागूनच, यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतोय आणि लोक त्याला गप्प करताहेत. येशू थांबतो, बोलावतो आणि विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार, हे तर उघड होतं, तरी विचारलं. थोड्याच वचनांआधी त्यानं जब्दीच्या मुलांनाही जवळजवळ याच शब्दांत हाच प्रश्न केला होता. त्यांनी खुर्च्या मागितल्या, यानं दृष्टी मागितली. आपण गरिबाच्या दारात धान्याची पिशवी ठेवतो, फोटो काढतो आणि निघतो. त्या घराला कदाचित धान्य नको असतं, मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करणारा कोणीतरी हवा असतो. कमिटीची पहिली सभा घ्याल तेव्हा चार घरांत जाऊन हा प्रश्न विचारून या आणि मग विषयपत्रिका लिहा.